शेजारचा डिस्को आणि आमच्या यांचे पाय

आमच्या यांच्या मते संगीत दोन प्रकारचं असतं. एक बसून ऐकायचं, आणि दुसरं जे संगीतच नाही. पहिल्या प्रकारासाठी यांनी लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या घराच्या फ्रंट रूममधला सोफा विकून टाकला आणि तिथे गाद्या-तक्के घातले. पाहुणे आले की मी दारातच विचारायचे, "गुडघे कसे आहेत?" गुडघे बरे असतील तर बैठकीत, नसतील तर माझ्याबरोबर किचनमध्ये. पुढे पुढे किचनमधली गर्दी वाढत गेली आणि बैठकीत हे आणि फोनमधला तानपुरा एवढेच उरले, पण तत्त्वाला यांनी कधी मुरड घातली नाही.

हे हाउन्सलोच्या बाजूला विमानतळावर इंजिनिअर होते, पण ती पोटाची सोय. खरा व्यवसाय कानसेनाचा. भारतातून कुणी गवई लंडनला आला की आमच्याकडे उतरायचा. हे त्याला स्टेशनवरून आणायचे आणि चहाबरोबर रागांची चर्चा करायचे. एकाला दही चालत नाही, दुसऱ्याचं दह्याशिवाय चालत नाही, तिसऱ्याला ज्येष्ठमधाचा काढा हवा आहे, ही चर्चा माझ्याकडे. दिवसभर जीपी डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर लोकांच्या घशांच्या तक्रारी ऐकायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन पुन्हा घसेच. नाव मात्र यांचं झालं. तक्रार करत नाही, नोंद करून ठेवते.

आमचं घर सेमी-डिटॅच्ड आहे. म्हणजे तीन भिंती आपल्या आणि चौथी दोघांची. चौथ्या भिंतीपलीकडे त्रिनिदादचे एक गृहस्थ राहतात. शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. बायको पूर्वीच गेलेली. घरातसुद्धा कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस. दर रविवारी चर्चहून आले, जेवण झालं, की ते आपल्या रेकॉर्ड्स काढतात. त्यांच्या बेटांवरच्या कॅलिप्सोचं आणि क्लबमधल्या डिस्कोचं लग्न लागलं, त्या काळातल्या. खाली डिस्कोचा मोठा ड्रम, एकही ठोका न चुकवणारा. वर ट्रम्पेट-ट्रोम्बोनचा कल्ला, हाताने वाजवायचे काँगो ढोल, लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणखणाट, आणि मधूनच तेलाच्या पिंपाचं बूड ठोकून केलेल्या स्टीलपॅनचा गोड आवाज. हे सगळं मला नंतर कळलं. भिंतीतून गाळून आमच्याकडे फक्त ड्रम यायचा. धम्, धम्, धम्, धम्.

"हा मनुष्य मिरच्या कांडतो का?" हे विचारायचे आणि उठून भिंतीवर मुठीने ठोकायचे. एकदा तर कौन्सिलला फोन केला. कौन्सिलचा माणूस रविवारी दुपारी आला, आमचा चहा प्यायला, दुपारच्या वेळी एवढा आवाज चालतो असं सांगून निघाला, आणि जाताना गेटपर्यंतची पावलं भिंतीतल्या ठेक्यावर टाकत गेला. मी खिडकीतून पाहिलं. यांना सांगितलं नाही. त्यानंतर दोन्ही घरांचे संबंध, आज कचऱ्याची कुठली बिन बाहेर काढायची, एवढ्यापुरतेच राहिले.

मग यांना पार्किन्सन्स झाला.

हात थरथरतो ते लोकांना दिसतं, म्हणून लोक हाताची चौकशी करतात. खरा छळ पायांचा असतो. चांगला चालता चालता माणूस दाराशी येतो आणि पाय जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय ऐकतच नाहीत. वरचं शरीर मात्र पुढे निघालेलं असतं, म्हणजे पडायचीच तयारी. आणि इंग्रजांनी या घरांना दारं किती ठेवली आहेत ते तोवर माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. किचनचं दार, हॉलचं दार, बाथरूमचं दार. प्रत्येक दाराशी मी यांना कवेत धरून उभी. मला भीती वाटायची. माझ्या हातून हा माणूस एक दिवस निसटणार, या भीतीने मी दूध तापवताना सुद्धा कान हॉलकडे लावून असायचे.

हॉस्पिटलमधली फिजिओ मुलगी चुणचुणीत होती. ती म्हणाली, ठेका असलेलं म्युझिक लावा आणि त्या ठेक्यावर पाऊल टाका. बऱ्याच पेशंट्सना याचा उपयोग होतो. यांचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच कुणी यांना गोळीऐवजी संगीत लिहून दिलं होतं.

आमची मुलगी नॉटिंगहॅमला असते. तिथून ती व्हिडिओ कॉलवर उंटावरून शेळ्या हाकत होती. "बाबा, इट्स सिंपल. बीट आला की पाय टाकायची. थिंक मत कर, जस्ट वॉक कर."

"कुठला ताल म्हणाली ती फिजिओ?" यांनी विचारलं.

"बाबा, एनी ताल!"

एनी ताल म्हटल्यावर यांनी विलंबित एकताल निवडला. आता, विलंबित ख्याल म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कपाळावर हात मारून घेतलाच असेल. इतरांसाठी सांगते. तालाचं एक आवर्तन असतं, त्याच्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात, आणि गवई सगळीकडे हिंडून शेवटी त्या समेवर येतो. विलंबितात हे हिंडणं फार निवांत असतं. किचनच्या दारात यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, उजवा पाय उचलला, आणि थांबले.

"अहो, टाका ना पाऊल."

"थांब. सम येऊ दे."

"दुसऱ्या कुठल्या मात्रेवर टाकलंत तर पोलीस येणार आहेत का?"

"मात्रेवर पाऊल टाकायला मी काय कवायत करतोय? समेवरच पडायला हवं."

गवई समेकडे निघाला. वाटेत त्याला आणखी काही तरी सुचलं. माझा खांदा भरून आला, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, आणि आम्ही दोघं किचनच्या दारात समेची वाट पाहत उभे. अशी चूक करायला घराण्याचे संस्कार लागतात. अडाणी माणसाचं हे काम नव्हे.

मग मी हट्टाने नाट्यसंगीत लावलं. त्यात ठेका तरी चालता असतो. यांनी चार पावलं टाकली आणि गायकाने एक सुंदर जागा घेतली. झालं. डोळे मिटले, उजवा हात वर गेला, "वा!" म्हणाले आणि तिथेच खिळले. घोडं कुठं पेंड खातंय ते मला तेव्हा कळलं. आयुष्यभर या शरीराला एकच वळण लावलेलं. गाणं सुरू झालं की बसायचं, चांगलं झालं की थांबून दाद द्यायची. पाय बिचारे काय करणार? चांगलं गाणं आणि चालणं या दोन गोष्टी एकदम करायची त्यांना सवयच नव्हती.

पुढच्या भेटीत फिजिओने विचारलं, "तुमच्याकडे नाचायची गाणी नाहीत का?"

"आहेत," हे म्हणाले. "त्यांना आम्ही संगीत म्हणत नाही."

आणि मग तो रविवार आला. हे किचनच्या दारात अडकले होते. मी पाठीशी. चहा गार होत होता. मी "डावा, डावा" असं म्हणत होते आणि डावा ऐकत नव्हता. तेवढ्यात चौथ्या भिंतीतून सुरू झालं. धम्, धम्, धम्, धम्.

"लागला मिरच्या कांडायला!" असं म्हणून हे तरातरा गेले आणि भिंतीवर ठोकण्यासाठी त्यांनी मूठ उगारली.

मूठ तशीच हवेत राहिली. किचनचं दार आणि ती भिंत यांच्यामध्ये अख्खा हॉल आणि फ्रंट रूम होती. हे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी अजून दारातच उभी होते, धरायला हात पुढे केलेले, आणि हातात कुणीच नाही.

मी रडले. रडता रडता हसले. हे म्हणाले, "योगायोग."

"मग परत या बघू इकडे."

आले. पुन्हा गेले. पुन्हा आले. बाथरूमच्या दारातून आरपार गेले. मग पलीकडे रेकॉर्डची एक बाजू संपली आणि हे जिन्याशी खुंटीसारखे उभे राहिले. ज्या गाण्याबद्दल यांच्या मनात कवडीचा आदर नव्हता, त्याच गाण्यावर यांचे पाय चालत होते. थांबून दाद द्यायचा प्रश्नच नव्हता ना! यांना ही गोष्ट आजारापेक्षा जड गेली असं मला वाटतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मी नारळाच्या वड्या डब्यात भरताना म्हटलं. हे आतून ओरडले, "यात हरी कोण आणि गाढव कोण ते नीट सांगून जा." मी डबा घेऊन शेजारी गेले.

शेजाऱ्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. आधी खूप हसले. मग वडी खाल्ली, गंभीर झाले आणि म्हणाले, "मॅडम, माझं म्युझिक म्हणजे पॅरासिटामॉल नाही. दिवसातून तीनदा पाण्याबरोबर घ्यायला मी ते देणार नाही. तुमच्या मिस्टरांना इथे पाठवा. आधी बसून नीट ऐकू देत." मग दुसरी वडी उचलत म्हणाले, "इतकी वर्षं ते माझ्या भिंतीवर ठोकतायत. आणि तेही ऑफ-बीट."

हे ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. हा आमच्या यांचाच त्रिनिदादी अवतार होता. रेकॉर्डला हात लावण्याआधी हात धुणारा. कुणी त्याच्या संगीताला जमैकाचं रेगे म्हटलं, तर भावगीताला नाट्यगीत म्हटल्यावर आमच्याकडे जो चेहरा व्हायचा, तोच चेहरा करणारा. मी घरी येऊन निरोप दिला. बाकी सगळं यांनी सोडून दिलं. "ऑफ-बीट? मी?" एवढंच दिवसभर चाललं होतं. मान राखण्यासाठी पुढच्या रविवारी हे शेजारी गेलेच.

मग दर रविवारी दोन पंडित समोरासमोर. शेजारी समजावून सांगायचे की क्लबमध्ये लोकांना अंधारातही पाय सापडावा म्हणून ड्रम सरळ ठेवतात, पण बेटावरची बेस गिटार, म्हणजे तो खालचा बेस, कधी ड्रमच्या अंगावर पडत नाही, शेजारून जातो. ब्रास, म्हणजे ते ट्रम्पेट-ट्रोम्बोन, विचारतो, कोरस उत्तर देतो. आणि क्लबसाठी काढलेली ही मोठी रेकॉर्ड इतकी लांब का, तर नाचणाऱ्याला खाली बसावं लागू नये म्हणून. हे हाताची घडी घालून म्हणायचे, "यात राग कुठे आहे?" शेजारी म्हणायचे, "राग लागत नाही." हे म्हणायचे, "भूपाच्या आसपास काही तरी आहे, तुम्हाला कळत नाहीये." शेजारी खूशही व्हायचे आणि दुखावलेही जायचे. मी मध्ये बसून वड्या सरकवायचे.

त्यांनी काही रेकॉर्ड्स माझ्या फोनवर घेऊन दिल्या, आणि आमच्या घरातली दारं उघडली. हे बाथरूमला एकटे जायला लागले. मग गेटपर्यंत. मग कोपऱ्यावरच्या पोस्टबॉक्सपर्यंत, गळ्यात छोटा स्पीकर अडकवून. आमच्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी यांना त्या अवतारात पाहिलं आणि मला फोन केला, "शिंगं मोडून वासरात शिरले का गं?" मी म्हटलं, "शिंगं राहू देत, काकू. पाय चालले पाहिजेत."

याच सुमाराला मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. लंडनमध्ये इतकी वर्षं बैठका जोपासल्याबद्दल आमच्या यांचा सत्कार करायचं ठरलं होतं. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. अध्यक्ष फार समजूतदारपणे म्हणाले, "तुम्ही स्टेजवर यायचे कष्ट घेऊ नका. पहिल्या रांगेत बसा, आम्हीच शाल घेऊन खाली येतो. नाही तर व्हीलचेअर तयार ठेवतो."

हे तेव्हा गोड बोलले. फोन ठेवल्यावर थरथरायला लागले, आणि ते थरथरणं आजाराचं नव्हतं. "खुर्चीत बसवून सत्कार म्हणजे श्रद्धांजलीची रंगीत तालीम," हे म्हणाले. "मी चालत जाणार. माझ्या पायांनी स्टेज चढणार. ते जमलं नाही तर मला शाल नको."

मला कळत होतं. या माणसाने मंडळात इतक्या लोकांना हार घातले, इतक्यांना हात धरून स्टेजवर नेलं. सगळ्यांसमोर चाकांवरून जाणं म्हणजे त्याच्या दृष्टीने संपणंच होतं. मी म्हटलं, "चालत जायचं तर डिस्कोवर जावं लागेल. शास्त्रीय संगीताच्या सेवेबद्दलचा सत्कार आणि मागे हे. व्हीलचेअर की डिस्को, एक काय ते ठरवा."

 हे म्हणाले, "डिस्को. पण आवाज माफक ठेवायला सांग."

पण एव्हाना एक नवीनच संकट उभं राहिलं होतं. यांना ते गाणं आवडायला लागलं होतं. एका सकाळी हॉलमधून छान चाललेले असताना हे एकदम थांबले, हात वर गेला. "ऐकलंस? बेस समेच्या अलीकडेच उतरला. आणि मग ब्रासने त्याला उचललं. वा!" आणि पाय चिकटले.

"अहो, ते ऐकायचं नाहीये!" मी किंचाळले. "चालायचंय!"

मी तशीच शेजारी गेले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं त्यांना यातलं सौंदर्य समजावून द्यायला?" शेजाऱ्यांनी छाती फुगवली. "त्यांना कान आहेत, मॅडम. पहिल्यांदाच कुणी तरी माझ्याकडे बसून ऐकलं." मी म्हटलं, कान असू देत त्यांच्यापाशी, मला पाय हवेत. शेवटी असं ठरलं की सत्काराला सगळ्यात सामान्य रेकॉर्ड लावायची. नुसता ड्रम आणि त्यावर कुणी तरी 'डान्स, डान्स' म्हणतंय अशी. शेजारी म्हणाले, "ती माझ्या हाताने वाजणार? लोकांसमोर?" मी म्हटलं, "हो. आणि तुम्हाला जेवणसुद्धा आहे."

कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. दीपप्रज्वलन झालं, ईशस्तवन झालं, स्वागतगीत झालं. प्रमुख पाहुण्यांचा परिचय पाहुण्यांच्या भाषणापेक्षा लांबला. शेजारी पांढरं जॅकेट घालून साउंडच्या टेबलाशी उभे होते. कुणी तरी त्यांना कुंकू लावून गुलाबाचं फूल दिलं होतं, ते त्यांनी खिशाला लावलं होतं. हे मागच्या रांगेत कडेला बसले होते, मी यांच्या बाजूला. हॉलच्या मधून स्टेजपर्यंत वाट होती. व्हीलचेअर दाराआड ठेवलेली मला दिसत होती. यांनाही दिसत असणार.

यांचं नाव पुकारलं गेलं. ड्रम सुरू झाला. हे उठले.

आणि चालायला लागले. डावा, उजवा, डावा, उजवा. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग असणार, तेव्हा त्यांनी मंडळाच्या रिवाजाप्रमाणे तो डिस्को मांडीवर हात ठेवून, गंभीर चेहऱ्याने ऐकायला घेतला. एक काका बोटांवर मात्रा मोजून तालातली 'खाली' कुठे येते ते शोधत होते. कुणी हललं नाही. फक्त आमचे हे चालत होते, इस्त्रीच्या कुर्त्यात, पाठ ताठ. 

तेवढ्यात स्टीलपॅन वाजला. त्या सामान्य रेकॉर्डमध्ये स्टीलपॅन नव्हता. मी झटकन मागे पाहिलं. शेजारी डोळे मिटून उभे होते. भरलेला हॉल, शांत बसलेले श्रोते, आणि आपल्या हाताने भिकार रेकॉर्ड लावायची? त्यांच्याने ते झालं नव्हतं. त्यांनी आपली सगळ्यात देखणी रेकॉर्ड लावली होती. मी त्यांच्या जागी आमच्या यांना उभं करून पाहिलं. यांनीही हेच केलं असतं.

बेस आला. ब्रासने त्याला उचललं. वाटेच्या बरोबर मध्यावर यांचा उजवा हात वर गेला.

"वा!"

आणि पाय चिकटले. हॉलने टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या थांबल्या, तरी हे तिथेच. स्टेजवर अध्यक्ष शाल उघडून धरून उभे, आंघोळ करून येणाऱ्या मुलासाठी आई टॉवेल धरते तसे. शेजाऱ्यांनी डोळे उघडले आणि त्यांच्या लक्षात आलं. "डोन्ट लिसन, मॅन!" ते ओरडले. "वॉक! जस्ट वॉक!" यांच्या गुडघ्यांना कंप सुटला. दाराआडून दोन स्वयंसेवक व्हीलचेअर घेऊन निघाले. चाकांचा आवाज यांनी ऐकला. मान वळवता येत नव्हती, पण ऐकला. यांचा चेहरा रडवेला झाला. मी या माणसाला वडील गेले तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं.

मी धावत यांच्यापाशी गेले.

"बंद करायला सांग," हे पुटपुटले. "फार चांगलं आहे ते."

मी हात केला. शेजाऱ्यांनी रेकॉर्डवरून सुई उचलली. हॉल एकदम शांत झाला. माझा फोन पर्समध्ये, पर्स मागे खुर्चीवर. व्हीलचेअर जवळ येत होती.

आमचं लग्न झालं त्या महिन्यातली गोष्ट आहे. मी पोळ्या लाटताना काही तरी गुणगुणत होते. यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि अगदी सौजन्याने सांगितलं, "तू नको गाऊस." चिडून नाही, खरं तेच सांगितलं. मी बेसूर आहे. त्यानंतर मी गायले नाही. गवई घरी उतरायचे तेव्हा नाही, एकटी असताना नाही. मुलीला झोपवताना सुद्धा मी नुसतं थोपटायचे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि ते मला किती लागलं होतं हेही नाही.

मी यांचा हात धरला आणि गायला लागले. धम्, धम्, धम्, धम्. मग त्यावर तो ब्रास, जमेल तसा. पँ-पँ-पॅरॅरॅ. भर मंडळात, सगळ्या कानसेनांसमोर, लंडनमधल्या झाडून साऱ्या पेटी-तबलेवाल्यांसमोर. पहिलाच सूर कुठल्या कुठे गेला. जन्मभराच्या सवयीने यांच्या कपाळावर आठी आली.

आणि पाऊल पडलं.

दुसरं पडलं. मी आवाज वाढवला. माझ्या गाण्यात थांबून दाद द्यावी असं काहीच नव्हतं, म्हणून हे थांबले नाहीत. व्हीलचेअर मागे राहिली. स्टेजच्या पायऱ्या आल्या, त्या आम्ही पँ-पँ-पॅरॅरॅवर चढलो. अध्यक्षांनी शाल घातली, हातात नारळ दिला. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी थकले होते, लाज वाटायला लागली होती, तेव्हा मी गप्प झाले आणि मागे सरकले.

अध्यक्षांनी माइक यांच्यापुढे धरला. दोन शब्द बोला म्हणाले. यांनी माइककडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळले, हात पुढे केला, आणि म्हणाले ते माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"थांबू नकोस गं. अजून खाली उतरायचंय."